शेजाऱ्यांची मुलगी

लोमे, २१ ऑगस्ट

दावी डेडे,

हे पत्र मेसान ड्रायव्हरच्या हातून पाठवतेय. फोन केला की माझा आवाज ऐकून तू बंद करतेस. मी थोरली बहीण म्हणून दावी म्हणायचं आणि तू बोलायचं नाही, याला नऊ वर्षं झाली, आता फोनलाही माझी कीव येत असेल. पत्र बंद करता येत नाही. फाडता येतं, पण तुला वाचता येत नाही म्हणजे ते आधी जिफाच्या हातात पडणार, आणि ती वाचल्याशिवाय फाडणार नाही. जिफा, बाळ, लिहिलंय तसंच वाच. घाई करू नकोस, तुझ्या आईला भरभर वाचलेलं आवडत नाही.

मुद्द्याचं सांगते. बंदरात जुलैपासून दवाखान्याचं जहाज लागलंय. येशूच्या नावाने चालवतात. डॉक्टर, नर्सा, स्वयंपाकी, फरशी पुसणारे, सगळे कुठून कुठून आपल्या पदरच्या पैशाने येतात, महिना दोन महिने राबतात आणि परत जातात. पगार नाही. मला आधी वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आता मीही तिथेच जाते, म्हणजे माझ्याही झाला असणार. सकाळी दुकान बंद ठेवते, शिलाई संध्याकाळी करते, आणि दिवसभर पेशंटांचं बोलणं नर्सांना सांगते, नर्सांचं पेशंटांना. सीमेपलीकडच्या अक्रात सहा वर्षं शिवण शिकताना जी इंग्रजी कानावर पडली, तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दावी, परवा सोकोदेचा एक माणूस जहाजावरून घरी गेला. आला तेव्हा त्याच्या जबड्यावर जिफाच्यासारखीच गाठ होती, तिच्याहून मोठी. ती कापून काढली आणि आत लोखंडाची पट्टी बसवली. जाताना तो माणूस भात खात होता. मी स्वतः बघितलं. डॉक्टर म्हणतात ही गाठ शापाने येत नाही, जादूटोण्याने येत नाही, दाताच्या मुळाशी उगवते आणि वाढत राहते. काढली नाही तर एक दिवस घास बंद होतो, मग श्वास. मेसान सांगत होता, जिफा आता फक्त मक्याची पेज पिते आणि बसून झोपते. खरं आहे का?

६ सप्टेंबरला बंदराजवळच्या शाळेच्या मैदानात तपासणी आहे. पहाटेपासून रांग लागते. तिचा जन्माचा दाखला आण, पाण्याची बाटली आण, डोक्याला बांधायला कापड आण. अनानीभाऊजींना समुद्राने नेल्यापासून तू पाण्यावर पाय ठेवत नाहीस हे मी विसरले नाही. तपासणी जमिनीवर आहे. पुढचं पुढे बघू.

त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि वाचणारीला माहीत नसलेलं बरं.

तुझ्या पाठची,
कोकोए


लोमे, ९ सप्टेंबर

दावी,

तू आलीस. रांगेत तुझा डोक्याचा निळा रुमाल दिसला आणि माझ्या हातातली कार्डं खाली पडली. मारित नर्स म्हणाली, ‘कोकोए, तुला ऊन लागलं का?’ मी म्हटलं, हो.

मला वाटलं होतं, टेबलाशी तरी तू माझ्याकडे बघून बोलशील. नर्सने विचारलं, गाठ कधीपासून आहे. ते मी तुला विचारलं. तू वर आभाळाकडे बघत म्हणालीस, ‘त्या बाईंना सांग, बारा वर्षांची असल्यापासून.’ नर्सने विचारलं, दुखते का. तू म्हणालीस, ‘सांग त्यांना, माझा जबडा असता तर सांगितलं असतं, मुलीला विचारा.’ मग मारितने हसून विचारलं, तुम्ही दोघी एकमेकींसारख्या दिसता, नात्यातल्या का? तू काय म्हणालीस आठवतंय? ‘तारीख द्या म्हणावं, नाती नंतर मोजू.’ मी तिला सांगितलं, ‘ती विचारतेय तारीख कधी मिळेल.’ भाषांतर करणाऱ्याने घालू नये आणि गाळू नये असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. मी गाळलं.

पण जिफाला कार्ड मिळालं! मारितने तिच्या हातात ते पिवळं कार्ड दिलं, म्हणजे ऑपरेशन नक्की. मैदानातल्या शेकडो माणसांतून थोड्यांनाच मिळतं. बाकीच्यांना ‘नाही’ सांगायचं कामही आमचंच असतं, आणि त्या दिवशी मी बत्तीस जणांना ‘नाही’ सांगितलं. तुला ‘हो’ सांगायला मिळालं म्हणून मी देवाचे पाय धरले.

एक कळलं नाही. जाताना तू मला पाठ करून उभी होतीस आणि हवेत बोलल्यासारखी म्हणालीस, ‘लिहिलंस ते ऐकलं. उशिरा लिहिलंस, पण लिहिलंस.’ दावी, मी काय लिहिलं होतं? तारीख आणि पाण्याची बाटली. त्यात ऐकण्यासारखं काय होतं?

असो. १ ऑक्टोबरला तिला जहाजावर दाखल करायचं आहे. सोबत घरचं एक माणूस राहू शकतं. तू जहाजावर येणार नाहीस हे मेसानकडून कळलंच. मग मी राहते. तुझी हरकत असेल तर कळव. नसेल तर काही कळवू नकोस, तुझ्या गप्प बसण्याची मला सवय आहे.

कोकोए


जहाजावरून, २ ऑक्टोबर, गुरुवार

दावी,

जिफा इथे आहे, मग हे पत्र आजावोन मास्तर वाचत असणार. मास्तर, नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? चष्मा लावून वाचा.

जिफाला अकरा नंबरचा पलंग मिळालाय. तिच्या पलंगाखाली माझी गादी. जहाज हलत नाही, दावी. दोरखंडांनी बांधलेलं आहे. तुझ्या मासे वाळवायच्या मचाणापेक्षा कमी हलतं. सकाळी नर्सा गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, मग सुया टोचतात. जिफा तिच्या मावशीला, म्हणजे मला, म्हणते, नोडी, प्रार्थना ऐकली की माझा दंड आपोआप दुखायला लागतो.

काल दुपारी तिने वाटीभर पेज प्यायला पाऊण तास घेतला. मी घड्याळ बघत नव्हते, मारित बघत होती. ती वहीत लिहिते. ती नॉर्वेची आहे, तिकडे समुद्र गोठतो म्हणे. तिचं इथलं काम डिसेंबरात संपतं.

ऑपरेशन मंगळवारी, ७ तारखेला, सकाळी. सहा-सात तास लागतील. डॉक्टरांनी जिफाला सगळं सांगितलं, मी भाषांतर केलं. या वेळी गाळलं नाही. धोका आहे, हेसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, ‘धोका तर घरीही आहे.’ कागदावर अंगठा नाही, सही केली, आपल्या वळणदार अक्षरात. तेवीस वर्षांची आहे, कायद्याने तुझी परवानगी लागत नाही. पण तुझ्या आशीर्वादाशिवाय ती टेबलावर चढणार नाही, हे ती मला तीनदा म्हणाली. तेव्हा मेसानकडून आशीर्वाद पाठव.

कोकोए


जहाजावरून, ४ ऑक्टोबर, शनिवार

दावी,

मेसान काल बंदराच्या गेटपाशी उभा राहिला आणि तुझा निरोप त्याने तुझ्यासारखाच कमरेवर हात ठेवून सांगितला. चौकीदार हसत होते. मी नाही हसले.

निरोप असा होता: ‘मास्तरांच्या तोंडून तुझं पत्र सुकं बोंबील आलं. मग मी आधीची दोन्ही पत्रं काढून त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतली. त्यात तारीख आहे, दाखला आहे, बाटली आहे. माफी नाही. माझ्या मुलीने वाचलं तेव्हा होती. म्हणजे मला फसवून बोलावलंस. आपल्यात मनात राग ठेवून आजाऱ्यावर शस्त्र चालवत नाहीत. चालवलं तर जखम भरत नाही. जिफाला घरी पाठव.’

मी तशीच वर गेले. जिफा उशांना टेकून बसली होती. मी विचारलं, ‘जिफा, मी माफी कधी मागितली?’

तिचे शब्द अर्धे जबड्यात अडकतात, पण मी एक अक्षर गाळत नाही.

‘पहिल्या पत्रात एकदा. दुसऱ्यात दोनदा.’

‘मी?’

‘तू मागितली नाहीस म्हणून तर मला मागावी लागली, नोडी. आई म्हणाली, संपलं? मी तिच्याकडे बघितलं. ती उठायला लागली होती. उठली असती तर पुन्हा बसली नसती. म्हणून मी म्हटलं, संपलं नाही, मागच्या पानावर आहे.’

‘मागच्या पानावर काय होतं?’

‘काही नव्हतं. कोरं होतं.’

‘मग वाचलंस काय?’

‘ “दावी, तुझे पाय धरते, माझं चुकलं.” दुसऱ्या पत्रात तुला दोन दिवस उपाशी ठेवलं. आई म्हणाली, कोकोए आणि उपाशी? मग मी एकच दिवस केला.’

दावी, शेजारच्या पलंगावरची बाई हसून हसून टाके दुखले म्हणून ओरडली. मला हसावं की तिच्या कानाखाली द्यावी कळेना. आणि द्यायची तरी कुठे, त्या गालावर जागाच नाही.

मग मी दबक्या आवाजात विचारलं, ‘कशाची माफी, ते तुला माहीत आहे का?’

आपण दोघींनी नऊ वर्षं काय जपलं, दावी? तू मला शिव्या दिल्या नाहीस, कुणाला कारण सांगितलं नाहीस, का, तर पोरीच्या कानावर जाऊ नये. मी पत्रात लिहिलं नाही, का, तर पोरच वाचणार. म्हणजे मी स्वतःला असंच सांगत होते. खरं असं की मला लिहायचंच नव्हतं, आणि जिफाचं वाचणं आयतं कारण मिळालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली मी.

जिफा म्हणाली, ‘त्या पालिमेच्या बाईंनी मला हाक मारली होती. ए शेजाऱ्यांच्या पोरी, पाणी आण गं. मी मागे वळून बघितलं, शेजाऱ्यांची कोण आलीय. मग कळलं. मग नेऊन दिलं पाणी.’

चौदा वर्षांची होती.

‘आईला सांगू नकोस,’ ती म्हणाली. ‘तिला वाटतं मला माहीत नाही. तिला तेवढंच एक समाधान आहे.’

मी म्हटलं, मी सांगणार. तिने तिच्या पिवळ्या कार्डाच्या कडा सरळ केल्या. मग म्हणाली, सांग.

मास्तर, इथून पुढचं मोठ्याने वाचा. अंगणात जेवढी माणसं असतील तेवढी ऐकू देत. तुमच्या बायकोला बोलवा, तिच्यामुळे बाजारातही पोचेल. मी बोलले होते तेही चारचौघांतच.

माझ्या मुलीच्या, मावुएनाच्या, मागणीच्या दिवशी मुलाकडची माणसं पालिमेहून येणार होती. मोठं घर, मोठं नाव. मला भीती होती की जिफाचं तोंड बघून ते म्हणतील, या रक्तातच काहीतरी आहे, आणि उठून जातील. म्हणून मी जिफाला सांगितलं, बाळ, तू मागे चुलीपाशी बस, भात सांभाळ. ती बसली. मुलाची आत्या हात धुवायला मागे गेली, तिला दिसली. तिने मला विचारलं, ही कोण? आणि मी, कोकोए, डेडेच्या पाठची, म्हणाले, ‘शेजाऱ्यांची मुलगी आहे.’

तू दारात ताट घेऊन उभी होतीस. ते ताट तू जमिनीवर ठेवलंस, मुलीचा हात धरलास आणि निघालीस. मी हाकसुद्धा मारली नाही, कारण पाहुण्यांनी विचारलं असतं की ती बाई कोण.

लग्न झालं. छान झालं. मला नातू आहे. आणि त्याचं तोंड धुताना दर वेळी मला वाटतं, याला असं काही उगवलं तर मी याला कुणाचा म्हणेन?

जिफा शेजाऱ्यांची नाही. माझ्या आईच्या पोटच्या मुलीची मुलगी आहे. म्हणजे माझी आहे. मी खोटं बोलले. माझं चुकलं. मला क्षमा कर. हे मी लिहिलंय, जिफाने घातलेलं नाही. मास्तर, अक्षर ओळखा आणि तिला सांगा.

दावी, तिला घरी पाठवणार नाही. मला मारलंस तरी नाही. घरी पाठवली तर वर्षभरात आपण तिला पुरू, हे डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलंय, आणि तेही आता गाळत नाही. तू सोमवारी ये. गेटच्या बाहेर, ट्रक उभे राहतात तिथे. जमीन आहे. आईचा भोपळ्याचा वाडगा आण, मक्याचं पीठ आण. पाण्यात पीठ कालवू, तू तुझा राग बोल, मी माझा बोलते, जिफालाही बोलू दे. घोट तोंडात घेऊ आणि थुंकून टाकू. मारितला मी विचारलं, तुमच्या येशूला चालेल का. ती म्हणाली, एकमेकींना क्षमा करून यायला तर त्यानेच सांगितलंय, पीठ घालू नका असं कुठे म्हटलेलं नाही.

वाट बघते.

कोकोए


जहाजावरून, ८ ऑक्टोबर

दावी,

जीव भांड्यात पडला. मेसानच्या फोनवरून तुला काल रात्रीच कळलंय, तरी लिहिते, कारण मेसानने ‘ठीक आहे’ एवढंच सांगितलं असणार.

पावणेसात तास. मी बाहेरच्या बाकावर. माझ्यासमोर दुसरी कुणी बाई असती तर मी तिला समजावलं असतं, तेच माझं काम आहे. स्वतःला समजावणारी कुणी नव्हती. बारा वाजता कर्ण्यावर काहीतरी पुकारलं आणि माणसं पळाली. नंतर कळलं, रक्त कमी पडत होतं. इथे बाटल्यांत साठवलेलं फारसं रक्त नसतं, जहाजावरच्यांचंच घेतात. ज्याचं जुळतं तो हातातलं काम टाकून येतो. मारितचं जुळलं. ती आत गेली, देऊन आली, केळं खाल्लं आणि पुन्हा कामाला लागली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, ‘काय बघतेस, माझ्याकडे जास्त होतं.’

तर तुझ्या मुलीच्या अंगात आता नॉर्वेचं रक्त आहे. तिला उद्यापासून थंडी वाजत नसेल तर घाबरू नकोस.

गाठ मी बघितली नाही. डॉक्टर दाखवत होते, मी नको म्हटलं. अकरा वर्षं ती आपल्याकडे बघत होती, पुरे झालं.

जिफाचं तोंड आत्ता सुजलेलं आहे, नाकात नळी आहे, बोलता येत नाही. पण डावी बाजू खाली गेलीय. मानेचा आकार दिसतो, दावी. तिला मान आहे! आज सकाळी तिने खुणेने पाटी मागितली आणि लिहिलं, ‘आईला सांग, मी आडवी झोपले.’

सोमवारबद्दल. तू आलीस, वाडगा आणलास, ट्रकवाल्यांनी गाड्यांचे भोंगे बंद केले. तू तुझा राग बोललीस, आणि बोललीस म्हणजे काय बोललीस! त्यातल्या दोन गोष्टी तर मी विसरूनच गेले होते. जिफाने तिचा सांगितला, फक्त एक वाक्य: ‘मला तुम्ही दोघींनी विचारलं असतंत तर मी केव्हाच सांगितलं असतं.’ तू तेव्हा पहिल्यांदा रडलीस. मग घोट घेतलास आणि धुळीत थुंकलीस. लांब थुंकलीस. माझ्या मनावरचा धोंडा उतरला.

पण माझ्याशी तू एक शब्दही बोलली नाहीस. माझ्या पाण्यावर बोललीस, माझ्या चुकीवर बोललीस, माझ्याशी नाही. राग गेला हे मी बघितलं. त्या जागी काय आलं ते कळलं नाही. मी विचारत नाही. मुलगी जगली, हे मला पुरेसं आहे. जवळजवळ पुरेसं.

कोकोए


लोमे, १२ डिसेंबर

दावी,

मारितला आत्ता विमानतळावर सोडून आले. तुझ्या हातच्या धुरावलेल्या माशांचं पुडकं तिने विमानात हातातच नेलं, सामानात टाकू दिलं नाही. शेजारी बसलेल्याचं काय झालं असेल ते देव जाणे.

कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं, आणि तरी मी लिहितेय, कारण काल माझ्या तोंडून काही निघालं नाही.

जिफाला परवा डॉक्टरांनी ‘आता घरी जा’ म्हटलं. मला माहीतच होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे तू येणार. उपकाराचे आभार सूर्य वर आल्यावर मानतात का कधी? मारितला मात्र मी आधी सांगायला विसरले. साडेपाचला चौकीदाराने तिला उठवलं, खाली सात माणसं नवे कपडे घालून उभी आहेत म्हणून. बिचारी ओल्या केसांनी, उलटा सदरा घालून धावत आली. तिला वाटलं, जिफाला काहीतरी झालं. गेटबाहेर पेशंटांना उतरायला घर आहे, तिथे आम्ही बाकं मांडली. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मारित, आणि मी तिच्या शेजारी, माझ्या नेहमीच्या जागी.

तू मास्तरांना सांगायचंस, मास्तरांनी घसा खाकरून मला सांगायचं, मी मारितला सांगायचं. मास्तरांनी नोहापासून सुरुवात केली. जहाज म्हटल्यावर त्यांना राहवेल कसं? मी ते दोन वाक्यांत आटपलं. मारित म्हणाली, ‘एवढं लांब बोलले आणि एवढंच?’ मी म्हटलं, पाणी चढलं आणि उतरलं, बाकी नक्षी.

मग तू उठलीस. ‘मास्तर, बसा. हे मी बोलते.’

तू म्हणालीस, ‘या बाईंना सांग, समुद्राने माझा नवरा नेला. समुद्राच्या बाजूला मी वीस वर्षं तोंड केलं नाही. त्याच्याच पाठीवरून या आल्या आणि मला मुलगी परत दिली. आता मी समुद्रावर रागावू शकत नाही, आणि त्या रागाशिवाय मला चुकल्यासारखं वाटतं.’

एवढं मी नीट सांगितलं. मारितचे डोळे भरले. मी कामात होते, माझे नाही भरले.

मग तू रीतीप्रमाणे आभार मानायला कोण कोण आलंय ते सांगायला लागलीस. हे आजावोन मास्तर. या त्यांच्या बायको. हा माझ्या दिराचा मुलगा. ही मासे विकणाऱ्या बायकांची पुढारीण. ही जिफा, हिला तुम्ही ओळखता. मी एकेक नाव मारितला देत होते. आणि तू थांबलीस, आणि पहिल्यांदा, दावी, नऊ वर्षांनी पहिल्यांदा, माझ्या तोंडाकडे बघितलंस.

‘आणि ही जी माझे शब्द तुम्हाला देतेय,’ तू म्हणालीस, ‘ती चुकीच्या बाकावर बसलीय. आमच्याबरोबर आलेली आहे ती. आभार मानणाऱ्यांत तिला धरा.’

मी तोंड उघडलं. मारित माझ्याकडे बघत होती, मास्तर बघत होते, सगळे थांबले होते, आणि मला एक साधा शब्द इंग्रजीत सापडेना. चार महिने मी दुसऱ्यांची रडणी, दुसऱ्यांची दुखणी, दुसऱ्यांचे देव एका भाषेतून दुसरीत वाहून नेले, आणि माझं एवढंसं वाक्य मला उचलेना.

तेव्हा जिफा बोलली. तिचा जबडा अजून पुरता उघडत नाही, ओठांची एक बाजू मागे राहते. दोन महिने वॉर्डात नर्सांच्या तोंडून जेवढी इंग्रजी पडली तेवढीच तिच्याकडे आहे. पण आवाज स्वच्छ आला. माझ्याकडे बोट करून तिने मारितला सांगितलं, ‘ही आमची आहे.’